असोसिएट्समध्ये ती आलीच

माईंच्या थोरल्याला अलीकडे एक खोड लागली होती. खाली ऑफिसात बसून तो वर राहणाऱ्या आईला मेसेज पाठवायचा. मधे काय, तर एक जिना. "पाहुणे आलेत, चहा जास्तीचा टाक." "जेवायला येणार नाही." माईंची शाळा अक्षरओळखीपाशीच संपलेली. त्यांनी आधी चष्मा शोधायचा, मग फोन हातभर लांब धरायचा आणि अक्षरामागून अक्षर जुळवत मोठ्यानं वाचायचं. 'चहा'पर्यंत पोचेस्तोवर पाहुणे निघूनही गेलेले असायचे.

मग माई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून ओरडायच्या, "साहेब, चहा झालाय! पाठवू का तोही फोनमधून? का पाय वापरता?"

खाली टायपिस्ट मुली तोंड दाबून हसायच्या. थोरला दारातून मान वर करून म्हणायचा, "आई, अगं पक्षकार बसलेत."

"बसू देत की. जन्मलास तेव्हा मेसेज नव्हता केलास. चांगला सगळी गल्ली उठवत आला होतास."

घर माईंच्या नावावर होतं. खालच्या खोल्यांत वकिलीचं ऑफिस, वर माई आणि त्यांची धाकटी लेक. ऑफिस उभं केलं ते माईंच्या यजमानांनी. त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. ते गेल्यावर कारभार थोरल्याकडे आला. तो लग्नानंतर वेगळ्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता, पण दिवसभर इथंच असायचा. धाकटीही वकील. घरात तिला छोटी म्हणत, आणि केस पिकायला लागले तरी ते नाव काही मोठं झालं नव्हतं. कोर्टात उभं राहून गर्जायचं काम थोरल्याचं. समोरच्या माणसाचं ऐकून घ्यायचं, त्याच्या पोटातलं ओठावर आणायचं आणि मग सही करताना कुणाचाच हात अडखळणार नाही असा कागद तयार करायचा, हे काम छोटीचं. थोरल्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. छोटीच्या खोलीतून माणसं डोळे पुसत बाहेर यायची आणि पुढच्या वेळी कुणाला न विचारता थेट तिच्याच खोलीत शिरायची.

दारावरच्या पितळी पाटीवर मात्र दोनच नावं, बापाचं आणि थोरल्याचं. माईंना ते येता-जाता टोचायचं.

"एवढं लांबरुंद पितळ, आणि माझ्या पोरीला त्यात उभं राहायला एक ओळ नाही?"

"बघू गं," थोरला म्हणायचा. त्याचं 'बघू' आता पाटीइतकंच जुनं झालं होतं.

मग ऑफिसात ती सिस्टीम आली. तिच्याबरोबर ती विकणारा माणूस आला. माईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'टायवाला' ठेवलं आणि ते ऑफिसभर झालं. टायवाल्याचं म्हणणं असं, की वकिलाच्या ऑफिसातलं खरं भांडवल कपाटात नसतं, माणसांच्या डोक्यात असतं, आणि माणूस उठून गेला की तेही उठून जातं. म्हणून ज्याला जे माहीत असेल ते त्यानं सिस्टीममध्ये घालायचं. जुने मसुदे, कुठल्या मुद्द्याला कुठला निकाल लागू पडतो, कुठला पक्षकार कसा आहे, सगळं. मग कुणीही एक शब्द टाकला की समोर हजर.

माईंना हे पटलं होतं, अगदी मनापासून. वकीलसाहेब एका दुपारी खुर्चीतल्या खुर्चीत गेले तेव्हा अर्धं ऑफिस आपल्याबरोबर घेऊन गेले होते. कुणाला काय शब्द दिलाय, कुठली फाइल मुद्दाम लांबवलीय आणि कुठली नुसतीच विसरलीय, कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन्ही पोरं कित्येक महिने अंधारात चाचपडत होती. जो येई तो म्हणे, "साहेबांना सगळं माहीत होतं." माईंना त्या वाक्याची चीड यायला लागली. "माहीत होतं तर सांगून जायचं," असं त्या यजमानांच्या फोटोकडे बघून म्हणायच्या.

सिस्टीममध्ये काही घातलं की घालणाऱ्याच्या नावापुढे चांदणी उमटायची. ऑफिसातले सगळ्यात जुने वकील म्हणजे मुरब्बी. लोणच्याच्या बरणीला जसं फडकं बांधतात तसं त्यांनी आयुष्यभर आपलं ज्ञान बांधून ठेवलं होतं. त्यांनी काय करावं? कोर्टाच्या सुट्ट्यांची जुनी कॅलेंडरं घातली, एकेक पान सुटं करून. चांदण्यांत मुरब्बी सगळ्यांच्या वर. थोरल्यानं टाळ्या वाजवून त्यांचं कौतुक केलं.

"मुरब्बी, आता काहीतरी खरं घाला की," माई जिन्यातून म्हणाल्या.

"माई, खरं घातलं तर उद्या मला चहा कोण विचारील?" मुरब्बी बिस्कीट बुडवत म्हणाले. निदान खोटं बोलले नाहीत.

छोटीनं आपले सगळे मसुदे घातले. करारनामे, वाटणीपत्रं, नोटिसा, आणि प्रत्येकाशेजारी दोन ओळी, की हे असंच का लिहिलंय. नव्या मुली ते वाचून शिकायला लागल्या. पण पक्षकारांविषयी तिनं एक अक्षर लिहिलं नाही. "माणूस माझ्याजवळ बोलतो ते माझ्याजवळ," एवढंच म्हणायची.

तेव्हा एका संध्याकाळी थोरला स्वतः जिना चढून वर आला. माईंनी तिथंच ओळखायला हवं होतं. पण पोरगा वर आला याचाच त्यांना एवढा आनंद, की त्यांनी संत्रं सोलायला घेतलं.

"आई, छोटीला तू सांग ना. ती माझं ऐकत नाही." सोललेली फोड आईच्या हातातून उचलून त्यानं तोंडात टाकली, लहानपणी टाकायचा तशीच. "बाबा गेले तेव्हाचे हाल तू बघितलेस. उद्या हिला काही झालं तर? सगळं हिच्या डोक्यात."

"माझ्या पोरीला कशाला काही होतंय?"

"अगं, बोलतोय आपलं. आणि हे बघ, तिचं सगळं सिस्टीममध्ये आलं की नवीन पाटी. मी करायला टाकलीसुद्धा."

माईंचा हात थांबला. "छोटीच्या नावासकट?"

"सगळं आहे त्यात, आई."

जेवताना माईंनी छोटीला धारेवर धरलं. "भावापासून काय लपवायचं गं? तो काय शेजारी आहे?"

"आई, हे माझं नाही. लोकांचं आहे."

"लोकांचं तुझ्यापाशी राहिलं काय नि ऑफिसापाशी राहिलं काय. बाप सगळं बरोबर घेऊन गेला. तू तरी तसं करू नकोस."

बापाचं नाव निघालं की छोटी हरायची. माईंना ते चांगलं माहीत होतं, म्हणून तर त्यांनी काढलं. छोटीनं ताट बाजूला सारलं.

"लिहिते. पण सिस्टीममधला माझा कप्पा बंद राहील, दुसऱ्या कुणाला दिसायचा नाही. दादालाही तसं सांगते."

थोड्याच दिवसांत पाटी आली, जाड कागदात गुंडाळून, सुतळी बांधून. छोटी तेव्हा नुकती कुठं लिहायला बसली होती. "उद्घाटनाच्या दिवशीच उघडायची हं," म्हणत थोरल्यानं ती आईच्या कपाटात ठेवली. माई कपाट उघडलं की त्या कागदावरून हात फिरवायच्या. शेजारणीला त्यांनी दोनदा सांगून झालं, की आमच्या धाकटीचं नाव लागतंय. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "सांगितलंत की मघाशी." तरी माईंना वाईट वाटलं नाही.

उद्घाटनाला पुढच्या खोलीतली बाकं हलवून भिंतीवर मोठी स्क्रीन लावली. पक्षकारांपैकी काहींना बोलावलं होतं. पहिल्या रांगेत बेकरीवाले, म्हणजे दोघं भाऊ, मोठ्याची बायको आणि त्यांची म्हातारी आई. त्या कुटुंबाचं कामकाज वकीलसाहेबांपासून इथंच. बाप गेल्यावर भावांत बोलणं बंद झालेलं, आणि बेकरीची वाटणी कशी करायची यावर सगळं अडलेलं. दुसऱ्या ऑफिसात जाऊन भांडायच्याऐवजी दोघंही छोटीकडे आले. ती दोघांशी वेगवेगळं बोलायची, किती बोलायची याला गणती नव्हती, आणि शेवटी सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. मोठा भाऊ स्वतःच्या भट्टीतला केक घेऊन आला होता.

"काकू, आता आमची वकीलताई भिंतीवर येणार म्हणे," तो माईंना म्हणाला.

"भिंतीवर मशीन येतंय. वकीलताई दारावर येणार आहे," माई म्हणाल्या. आवाज जरा चढाच लावला होता त्यांनी, शेवटच्या रांगेपर्यंत जावा म्हणून.

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पट्टी होती. ऑफिसातले जितके कप्पे बंद तितकी ती लाल, जितके उघडे तितकी हिरवी. आदल्या दिवसापर्यंत ती बरीच लाल होती. आज या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार. छोटी चहाचा ट्रे ठेवून वळली, तिची नजर पट्टीवर गेली आणि तोंडावरचा रंग उडाला.

"दादा," ती म्हणाली, "दादा, एक मिनिट—"

पण तोवर बेकरीवाला मोठा भाऊ उत्साहानं उठला होता. "आमचं नाव टाका बघू! काय काय माहितीय तुमच्या मशीनला आमच्याबद्दल?"

टायवाल्यानं नाव टाकलं. स्क्रीन भरली. त्यानं आधी स्वतः वाचून बघावं की नाही? पण विकणाऱ्याला दम कुठला. सर्कशीतल्या निवेदकाच्या आवाजात त्यानं सुरुवात केली.

"'मोठे भाऊ. काही विचारायचं तर वहिनींसमोर विचारावं. एकटे असले की हो म्हणतात, घरी गेले की फिरतात.' बघा मंडळी, किती बारकाई!"

लोक हसले. मोठा भाऊही हसला, बायकोकडे न बघता. टायवाल्याला चेव आला.

"'धाकटे भाऊ. बेकरीत राहायची इच्छाच नाही. आई आहे तोवर थांबतो म्हणाले. त्यानंतर एक दिवसही नाही. हे घरात कुणाला—'"

'कळता कामा नये' हे शब्द त्यानं वाचले नाहीत. पण ते भिंतीवर होतेच, वीतभर अक्षरांत.

म्हातारी आई चहाचा कप मांडीवर धरून बसली होती. ती हळूच म्हणाली, "अगं बाई. म्हणजे मीच वाट अडवून बसलेय होय सगळ्यांची?"

"आई, मी तसं नव्हतो म्हणालो," धाकटा उठला.

"मग कसं म्हणाला होतास?"

मोठा भाऊ त्याच्याकडे वळला. "एवढं परक्या बाईजवळ बोललास. मला एकदा सांगता येत नव्हतं? मी काय मारलं असतं तुला?"

छोटी पुढं आली आणि म्हातारीच्या पायाशी खाली बसली. "आजी, हे मी लिहिलंय. यांनी माझ्या विश्वासावर सांगितलं होतं."

धाकटा तिच्याकडे बघत म्हणाला, "ताई, तुम्हाला म्हणून सांगितलं होतं हो. तुम्हाला म्हणून."

तेवढ्यात थोरला पुढं झाला. कोट सारखा केला. कोर्टात वापरतो तो आवाज काढला. "मंडळी, कृपया गैरसमज नको. ही नोंद माझ्या बहिणीची वैयक्तिक आहे. बघा ना, खाली तिचं नाव आहे, फोटो आहे. ऑफिसचा याच्याशी काही संबंध नाही."

माईंनी मान वर करून पाहिलं. होतं खरं. पूर्ण नाव, आडनावासकट, ठळक. ऑफिसच्या भिंतीवर आपल्या लेकीचं नाव त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, ते असं.

बेकरीवाले गेले. मोठा आणि त्याची बायको एका बाजूला, धाकटा दुसऱ्या. म्हातारीला कुणी हात द्यायचा यावरून दोघं दारात अडखळले, आणि शेवटी ती कुणाचाच हात न धरता पायऱ्या उतरली. बाकीचेही चहा अर्धा टाकून उठले. मुरब्बींनी तेवढा केक कापला.

छोटी वर येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. रडली नाही. रडली असती तर माईंना बरं वाटलं असतं.

"कप्पा बंद नव्हता केलास?"

"केला होता. दादानं काल सगळे उघडले. उद्घाटनाला पट्टी लाल दिसली असती म्हणून."

"मग तिथंच का नाही बोललीस? चारचौघांत तोंडावर मारायचं होतंस!"

"काय बोलू? लिहिलं तर मीच होतं. तू म्हणालीस म्हणून."

माईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मेसेज. चष्मा चढवून, फोन लांब धरून त्या सवयीनं मोठ्यानं वाचायला लागल्या. "छो... टीला सांग. काही दिवस... खाली येऊ नको. पक्ष... कारांना बरं दिसत नाही. तिच्या फा... इली मुरब्बी बघतील. सगळं आहे सिस्टी—"

इथपर्यंत आल्यावर आपण कुणासमोर वाचतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. छोटीनं फक्त मान हलवली, जणू कुणी पत्ता सांगत होतं.

माई उठल्या. कपाट उघडलं. सुतळीची गाठ सुटेना तेव्हा दातांनी तोडली. पितळ नवंकोरं झळझळत होतं. लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर त्यांना झोपेतही ओळखू आलं असतं. ते त्यांनी वरच्या ओळीत शोधलं, खालच्या ओळीत शोधलं, बोट लावून कडेकडेनं शोधलं. वर यजमानांचं नाव, त्याखाली थोरल्याचं, आणि शेवटी एक लांबलचक शब्द, जोडाक्षरांचा.

"हे काय लिहिलंय गं?"

छोटीनं बसल्या जागेवरून पाहिलं. "असोसिएट्स."

"म्हणजे?"

"म्हणजे बाकीचे."

माई पाटी काखेत मारून जिना उतरल्या. खाली थोरला टायवाल्याशी बोलत होता, मुरब्बी चहा घेत होते. आईला बघून थोरला दचकला. "अगं, तू कशाला उतरलीस? मेसेज करायचास—"

"मला जिना आहे." त्यांनी पाटी त्याच्या टेबलावर आदळली. कागद उडाले. "हिच्यात माझी पोरगी कुठंय?"

थोरल्यानं टायवाल्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "आई, असोसिएट्समध्ये ती आलीच की. आणि खरं सांगू? झालं ते बरंच झालं. आजच्या प्रकारानंतर तिचं नाव पाटीवर असतं तर आपली काय शोभा झाली असती?"

"ही पाटी आजची नाही."

"अगं, पण—"

"ती लिहायला बसली तेव्हा ही माझ्या कपाटात येऊन पडली होती. मला पटकन वाचता येत नाही, म्हणूनच माझ्याकडे ठेवलीस ना?"

थोरल्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. आत्ता टेबलापलीकडेही आला नाही. त्यानं उगाच फोन हातात घेतला आणि परत ठेवला. टायवाला आपली बॅग भरायला लागला. मुरब्बी उठू लागले, तेव्हा माई म्हणाल्या, "बसा मुरब्बी. तुम्ही कॅलेंडरं घालता, पण निदान तोंडावर सांगता." आणि मग पोराकडे वळल्या. आवाज चढवला नाही. वरच्या मजल्यावर मात्र शब्द न शब्द ऐकू गेला.

"सगळ्यांनी आपापलं उघडं करायचं, असं तूच सांगत होतास ना? तिनं केलं. मी करायला लावलं. तू एकट्यानं आपलं तेवढं कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवलंस, आणि तेही माझ्याच कपाटात. तिच्या डोक्यातलं होतं-नव्हतं ते घेतलंस. त्यातलं चांगलं ऑफिसचं झालं, आणि जे अंगाशी आलं तेवढ्याखाली तिचं नाव राहिलं. तुझा बाप काही न सांगता गेला, आम्हाला रडवलं त्यानं, पण फसवलं नाही. ही पाटी तुझ्या फ्लॅटच्या दाराला लाव, माझ्या दाराला लागायची नाही. आणि आणखी एक ऐक. ते तुझ्या त्या मशीनमध्ये घालायचं तर घाल, खाली माझं नाव टाक, फोटो टाक, मी नाही म्हणायची नाही. तू मोठा वकील होशील रे. पण मनातलं बोलायला यापुढं तुझ्यासमोर कुणी बसणार नाही. मीसुद्धा नाही."